अक्याबपासून नव्वद मैल

कलकत्ता ते रंगून हे अंतर विमानाच्या वाटेने सहाशे साठ मैल आहे. मध्ये अक्याबला थांबा, आणि प्रत्यक्ष हवेत जाणारा वेळ पावणेसहा तास. हे आकडे मी सोलापुरात बसून, भिंतीवरच्या एका नकाशाच्या जोरावर, वर्गाकडून घोकून घेतले आहेत. स्वतः मी पुण्याच्या पलीकडे गेलेलो नाही. तरीही अंतर, वेळ आणि घड्याळ या तीन गोष्टींत मला कोणी काही शिकवावं, हे मला कधी सोसलं नाही. मी यज्ञेश्वर, भूगोलाचा मास्तर. माझा स्वभाव तिरसट आहे असं शाळेत म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही.

पुण्याच्या पलीकडे गेला तो माझा थोरला भाऊ, कमलाकर. आमच्याच गावचे गुरुसिद्धप्पा शेट सोलापुरी लुगडी आणि चादरी कलकत्त्यात आणि रंगूनात विकत. दोन्हीकडे त्यांची दुकानं होती. दादा त्यांच्याकडे इंग्रजी पत्रव्यवहार बघायचा. वर्षातून दीड महिना घरी येई, उरलेले साडेदहा महिने त्याची पत्रं येत. शकुंतलावहिनींना तिकडे न्यायचं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी राहून जायचं. बाळीवेशीजवळच्या आमच्या तीन खणांच्या घरात आई, वहिनी आणि मी एवढेच असू. माझं लग्न जमलं नव्हतं, स्वभावामुळेच असेल.

दादा घरी असला की घराला जाग यायची. त्याची एक खोड होती. बाहेरून आला की माजघराच्या दाराशी ठेवलेल्या रांजणातून तांब्या भरून घ्यायचा, मान मागे टाकून वरून घटाघट प्यायचा आणि रिकामा तांब्या रांजणाच्या लाकडी झाकणावर पालथा ठेवून द्यायचा. आई दर वेळी ओरडायची, पालथा तांब्या घरात चालत नाही म्हणून. तो हसायचा. वहिनी मागून जाऊन तांब्या मुकाट्याने सुलटा करायच्या. हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की पाहिल्यासारखं वाटतच नसे.

चौतीस सालच्या मार्गशीर्षात रंगूनच्या कोर्टात शेटजींचा एक दावा अचानक बोर्डावर आला. बोटीने तीन दिवस लागले असते. शेटजींनी विमानाच्या दोन जागा घेतल्या, एक स्वतःची आणि एक दादाची. आमच्या पेठेत त्याआधी कोणी विमानात बसलेलं नव्हतं. निघायच्या आधी दादाने कलकत्त्याहून विमान कंपनीचं छापील वेळापत्रक मला पाठवलं. सोबत दोन ओळी होत्या: "यज्ञू, तू अंतरं शिकवतोस, मी ती कापून येतो. वेळापत्रक वर्गात लाव." मला अभिमान वाटला आणि जळफळाटही झाला. दोन्ही खरं आहे. मी ते वेळापत्रक नकाशाशेजारी चिकटवलं आणि तोंडपाठ केलं.

चार दिवसांनी तार आली. कमलाकर विमानात वारले, पत्र मागून येत आहे.

शेटजींचं पत्र आठव्या दिवशी हातात पडलं. मी ओसरीत बसून ते मोठ्याने वाचलं, आई आणि वहिनी आतून ऐकत होत्या. अक्याबला सगळे खाली उतरून न्याहारीला बसले, तेव्हा दादाने फक्त चहा घेतला. छाती भरून आल्यासारखं वाटतंय म्हणाला. विमान पुन्हा वर गेल्यावर वैमानिकाने एक चिठ्ठी मागे पाठवली, ती हातोहात सगळ्या उतारूंकडे फिरली. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, अक्याबपासून नव्वद मैल. दादाने ती वाचली, हसला आणि यज्ञूच्या वर्गासाठी ठेवतो म्हणून खिशात घातली. मग त्याने पाणी मागितलं. शेटजींनी पोचायला किती वेळ आहे म्हणून घड्याळ पाहिलं, दहा चाळीस झाले होते. दादा पाणी प्यायला आणि काचेला डोकं टेकून झोपला. रंगूनला विमान उतरलं तेव्हा सगळे उठले, तो उठला नाही. डॉक्टर म्हणाला, पाणी प्याला त्यानंतर लगेचच प्राण गेला असणार. ती चिठ्ठी पत्रासोबत होती.

आता प्रश्न आला तिथीचा. वर्षश्राद्ध कोणत्या तिथीला घालायचं हे प्राण गेला त्या क्षणावर ठरतं. आमचे उपाध्ये वेणीमाधवशास्त्री पंचांग मांडून बसले. त्यांनी घटिका-पळांचा हिशेब केला आणि सांगितलं की त्या दिवशी मार्गशीर्ष वद्य षष्ठी आपल्या स्टँडर्ड टाइमाने सकाळी दहाला संपली आणि सप्तमी लागली. म्हणजे कमलाकर दहाच्या आधी गेला असेल तर षष्ठी, नंतर गेला असेल तर सप्तमी. एक दिवस चुकला तर, शास्त्रीबुवा म्हणाले, आपण वाढतो तेव्हा तो वाटेत असतो, आणि तो दाराशी येतो तेव्हा आपली भांडी घासून झालेली असतात.

ओसरीत शेजारपाजारचे सात-आठ पुरुष बसले होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला हे आवडलं. भाऊ गेल्याला आठ दिवस झालेले, आणि मला सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलेलं आवडलं, हे मी आज लिहून ठेवतो. मी समजावून सांगितलं की रंगूनचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास पुढे असतं. शेटजींनी पाहिले दहा चाळीस, म्हणजे आपले नऊ चाळीस. तेव्हा षष्ठी होती.

तेवढ्यात माजघराच्या दाराआडून वहिनींचा आवाज आला. त्या आठ दिवसांत त्या पहिल्यांदा बोलल्या होत्या.

"भावोजी, शेटजींचं घड्याळ कुठल्या गावाचं होतं तेव्हा? कलकत्त्याचं की रंगूनचं?"

कलकत्ता स्टँडर्ड टाइम पाळत नाही, स्वतःची स्थानिक वेळ पाळतं; तिथलं घड्याळ आपल्यापुढे फक्त चोवीस मिनिटं असतं. त्या हिशेबाने दहा चाळीसचे आपले सव्वादहा होतात आणि तिथी सप्तमी पडते. प्रश्न अगदी नेमका होता. पण चौथी शिकलेल्या बाईने सगळ्यांसमोर भूगोलाच्या मास्तरला अडवलेलं, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हणालो, "वहिनी, विमान रंगूनला चाललं होतं, घड्याळही तिकडेच चाललं असणार." दोघे-तिघे गालात हसले. शास्त्रीबुवांनी षष्ठी असं लिहून घेतलं. चिठ्ठी आणि पत्र वहिनींनी मागून घेतलं आणि आपल्या ट्रंकेत ठेवलं.

त्या वेळी आईला एक गोष्ट मात्र मी करू दिली नाही. दहाव्या दिवशी तिने वहिनींच्या केशवपनाचं काढलं. मी म्हणालो, दादाला ते आवडलं नसतं, या घरात न्हावी त्यासाठी येणार नाही. आई रडली, पण तिने तो विषय सोडला. एवढं एकच काम मी त्या दिवसांत धड केलं.

पहिलं वर्षश्राद्ध षष्ठीला झालं. सगळं यथासांग होतं, पण काकबळी मागच्या अंगणात दुपारभर तसाच पडून राहिला. समोरच्या पत्र्यावर तीन कावळे बसले होते, एकही खाली उतरला नाही. शास्त्रीबुवांचा चेहरा उतरला. मी म्हणालो, गिरण्यांच्या धुराने कावळ्यांची भूक मेली असेल. शेवटी भात गाईला घातला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जायला कोट घालत होतो. ऊन माजघरापर्यंत आलं होतं, शेजारच्या पद्मशाल्यांच्या घरातून मागाचा खटखट आवाज येत होता. तो आवाज थोडा वेळ थांबला. तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून लगबगीने रांजणाकडे गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मी पाहिलं तर झाकणावर तांब्या पालथा होता आणि त्याच्या कडेखाली पाण्याचं ओलं वर्तुळ उमटलं होतं. आई देवघरात होती. मी पाण्याकडे गेलोच नव्हतो.

"ते आले होते," वहिनी म्हणाल्या.

घड्याळात सव्वादहा झाले होते. मी चिडलो. तुम्हीच ठेवला असेल आणि विसरला असाल, असं काहीसं बोललो. त्यांनी पदराने ते ओलं पुसलं नाही, त्यावर फक्त हात ठेवला. मी टोपी घालून बाहेर पडलो आणि त्या दिवशी वर्गात विनाकारण दोघांना उभं केलं.

दुसऱ्या वर्षी मी सावध होतो. षष्ठीचं श्राद्ध झालं, कावळे पुन्हा पत्र्यावर बसून राहिले. सप्तमीला सकाळी मी स्वतः तांब्या भरून, सुलटा ठेवून, समोरच्या बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसलो. माझी नजर कागदावर होती हे कबूल करतो. मागाचा आवाज बंद पडला. आणि माझ्यापासून चार हातांवर कोणीतरी पाणी प्यायलं. घशातून पाणी उतरताना होतो तो आवाज, घटाघट, खूप लांबून चालत आलेला माणूस पितो तसा. मला मान वर करवेना. मग तांब्याची कड लाकडावर टेकल्याचा आवाज आला. दादाच्या कोटाला नेहमी लवंगेचा वास यायचा, तो वास आला. मी डोळे वर केले तेव्हा तिथे फक्त पालथा तांब्या होता, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात वहिनी उभ्या होत्या. त्या घाबरलेल्या नव्हत्या. मी मात्र शेंडीपासून नखापर्यंत थंड पडलो होतो.

या वेळी आईनेही पाहिलं होतं. ती देवघरातून बाहेर आली आणि तिने भिंतीचा आधार घेतला. माझं लेकरू तहानलेलं फिरतंय, ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पोटभर वाढलं तरी ते उपाशी का, याचं कारण ती वर्षभर शोधत राहिली. कुणीतरी तिच्या मनात भरवलं की बायकोने केस राखले की नवऱ्याचा जीव त्यांत गुंतून राहतो, पुढे जात नाही. मग तिने वहिनींशी बोलणं टाकलं. वहिनींच्या अंगावर काही आहे, म्हणूनच तांब्या पालथा पडलेला त्यांना गोड लागतो, असं ती मला म्हणाली. तिसऱ्या श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी न्हावी बोलवायचा असं तिने ठरवलं.

आता मी नाही म्हणायला हवं होतं. आधी एकदा म्हणालो होतो. पण तो घटाघट आवाज माझ्या कानातून गेला नव्हता. तो थांबावा, एवढीच माझी इच्छा होती, आणि त्यासाठी दुसऱ्याचे केस जाणार असतील तर जाऊ देत, इतका मी भेकड झालो होतो. मी आईला म्हणालो, तुला योग्य वाटेल ते कर. वहिनी तिथेच भाजी चिरत होत्या. त्यांनी विळीवरून मान वर केली नाही.

सदतीस साली तिसरं श्राद्ध झालं. कावळे आले नाहीत, आता ते कोणाला नवीनही नव्हतं. त्या संध्याकाळी अचानक गुरुसिद्धप्पा शेट दारात उभे राहिले. मुलीच्या लग्नासाठी तीन वर्षांनी सोलापूरला आले होते. अंगाने निम्मे झाले होते. ओसरीत बसले, आईला नमस्कार केला, दादाची आठवण काढून डोळे पुसले. जाताना त्यांनी जाकिटाच्या खिशातून साखळीचं घड्याळ काढलं.

"निघतो मास्तर. सव्वासा वाजून गेले की."

बाहेर चांगलं ऊन होतं. आमच्या भिंतीवरचं घड्याळ सव्वापाच दाखवत होतं. मी म्हणालो, शेटजी, तुमचं घड्याळ तासभर पुढे पळतंय.

"पळतंय कुटलं? ह्ये रंगूनचं हाय." ते हसले. "आमच्यात काटं कुटंबी फिरवायचं न्हाय. आमच्या वडलांपासनं चालत आलंय. दुकानात जायाचं, बसवेश्वराला हात जोडायचं, मग दुकानातल्या घड्याळावर आपलं घड्याळ लावायचं. आता येताना कलकत्त्याला गेलोच न्हाय, आनि हितं सोलापुरात आमचं दुकान कुटं ऱ्हायलंय? म्हनून रंगूनचीच येळ चाललीया."

मी विचारलं, "त्या दिवशी, विमानात, तुमच्या घड्याळात कुठली वेळ होती?"

"त्या दिवशी कलकत्त्याची की. सकाळी कलकत्त्याच्या दुकानावरनंच निघालो न्हाय का आमी? रंगूनचं दुकान गाठायला मला दुसरा दिवस उजाडला. त्याच्या आदी कमलाकरपंतांचं सगळं करायचं हुतं."

ते गेले. मी ओसरीच्या पायरीवर बसून राहिलो. मला कागद लागला नाही. वेळापत्रक पाठ होतं: अक्याबहून विमान सुटतं रंगूनच्या वेळेने साडेदहाला. शेटजींचे दहा चाळीस जर रंगूनचे असते, तर पाणी मागितलं तेव्हा विमान हवेत जाऊन दहाच मिनिटं झाली असती. आणि चिठ्ठी सांगत होती, नव्वद मैल. दहा मिनिटांत नव्वद मैल कोणतंही विमान जात नाही. तासाला एकशे पंधरा मैल जाणाऱ्या विमानाला तेवढ्याला पाऊण तास आणि वर दोन मिनिटं लागतात. म्हणजे तेव्हा रंगूनात अकरा सतरा, कलकत्त्यात दहा चाळीस आणि सोलापुरात सव्वादहा झाले होते. अंतर माझ्या हातात होतं, वेळ माझ्या हातात होती. वर्गात पोराने असं गणित चुकवलं असतं तर मी त्याचा कान धरला असता.

दादा सप्तमीला गेला होता. तीन वर्षं मी त्याला आदल्या दिवशी वाढत होतो. तो आपल्या दिवशी, आपल्या वेळेला, घरी येत होता आणि रांजणातलं पाणी पिऊन उपाशी परत जात होता.

आणि तरी मी गप्प राहायचं ठरवलं. मी त्या पायरीवर बसून सगळा विचार केला. सांगायचं म्हणजे आईला सांगायचं की तुझा मुलगा तीन वर्षं माझ्यामुळे उपाशी गेला. शास्त्रीबुवांना सांगायचं, पेठेला सांगायचं. आणि जिला सगळ्यांसमोर हसलो, तिच्यासमोर मान खाली घालायची. पुढच्या वर्षी काहीतरी निमित्त काढून तिथी बदलू, असं मी मनाशी म्हणालो. न्हावी सकाळी येणार होता, हे मला आठवत होतं. आठवत असूनही मी तसं ठरवलं.

सप्तमीला साडेनऊच्या सुमारास भिमा न्हावी मागच्या दाराने आला. म्हातारा माणूस होता, तोही कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. अंगणात पाट मांडला होता. वहिनींनी न्हाऊन आल्यावर तांब्या भरून झाकणावर ठेवला आणि मग त्या पाटावर बसल्या. केस मोकळे होते, पाटाखाली जमिनीपर्यंत आलेले. आई अंगणाच्या पायरीवर जपमाळ घेऊन बसली. मी माजघरात कोट हातात धरून उभा होतो. भिमाने वस्तरा काढला तेव्हा वहिनी हळू आवाजात त्याला म्हणाल्या:

"बाबा, सव्वादहा होऊन जाऊ दे. ते येऊन जातील. त्यांनी मला तशी पाहायला नको."

भिमाला काही कळलं नाही, त्याने वस्तरा खाली ठेवला. मला मात्र कळलं. कोट माझ्या हातातून पडला. मी अंगणात गेलो आणि आईसमोर जमिनीवर बसलो.

"आई, माझं चुकलं," मी म्हणालो. "दादा षष्ठीला गेला नाही, सप्तमीला गेला. तो आज येतो कारण त्याचा दिवस आज आहे. वहिनींच्या केसांत काही नाही. त्यांनी मला त्याच दिवशी विचारलं होतं, मी त्यांना हसलो होतो."

मग मी शेटजींच्या घड्याळाचं सांगितलं, नव्वद मैलांचं सांगितलं. आईला गणित समजलं असेल असं नाही. पण माझं तोंड तिने कधी तसं पाहिलं नव्हतं. ती भिमाला म्हणाली, तू जा बाबा, तुला उगीच त्रास दिला. तो वस्तरा गुंडाळून आला तसा मागच्या दाराने गेला.

मागाचा आवाज थांबला. आम्ही तिघंही माजघराकडे पाहत होतो. या वेळी मी मान खाली घातली नाही. दिसलं काही नाही. तांब्या जागेवरून हलला तो मी पाहिला असं मी शपथेवर सांगणार नाही. पण पाणी प्यायल्याचा तो आवाज आला, लवंगेचा वास आला, आणि आईने तोंडात पदर कोंबला. मी उंबऱ्यापर्यंत गेलो.

"दादा, जाऊ नकोस," मी म्हणालो. "आज जेवून जा."

तांब्या त्या दिवशी पालथा पडला नाही. झाकणावर तो सुलटाच होता, रिकामा. लवंगेचा वास दुपारपर्यंत घरात राहिला.

शास्त्रीबुवांना मी स्वतः जाऊन आणलं. वाटेतच त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चालताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. स्वयंपाक वहिनींनी केला. दादाला आवडायची ती अळूची भाजी मिळाली नाही, बाकी सगळं होतं. दुपारी मी काकबळी अंगणात ठेवला आणि मागे सरायच्या आत कावळ्याने झडप घातली. पत्र्यावरचे तिन्ही उतरले. आई मोठ्याने रडली, आणि ते रडणं ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी पोटभर जेवलो.

दिवेलागणीला वहिनी रांजणापाशी बसलेल्या दिसल्या. तांब्या मांडीवर होता आणि त्या रडत होत्या. दादा गेल्याची तार आली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, माझ्यावरचा राग असेल. मी समोर बसलो आणि म्हणालो, वहिनी, मला क्षमा करा, मी तेव्हाच तुमचं ऐकायला हवं होतं.

त्या उठून आत गेल्या आणि ट्रंकेतून ती चिठ्ठी घेऊन आल्या. वैमानिकाच्या हातची ओळ अजून स्वच्छ होती. त्यांनी ती उलटी करून माझ्यासमोर धरली. मागे पेन्सिलीने, त्यांच्या मोठ्या मोठ्या अक्षरांत, गणित मांडलं होतं. साडेदहा. दहा चाळीस. दहा मिनिटे. नव्वद मैल. आणि खाली एक शब्द, सप्तमी.

"हे कधी केलंत?" मी विचारलं.

"पत्र आलं त्याच आठवड्यात. वेळापत्रकातल्या वेळा तुम्ही घरात मोठ्याने घोकायचात, त्या माझ्याही पाठ झाल्या होत्या."

"मग सांगितलं का नाहीत? तीन वर्षं?"

"पहिल्या वर्षी सांगणारच होते. श्राद्ध झाल्यावर सांगावं म्हटलं, म्हणजे तुम्हाला चारचौघांत खाली पाहावं लागणार नाही." त्यांनी तांब्याची कड बोटाने पुसली. "दुसऱ्या दिवशी ते आले. भावोजी, जिवंत होते तेव्हा वर्षातून दीड महिना माझ्या वाट्याला यायचे. आता वर्षातून एक घोट पाण्यापुरते येत होते. तहान राहिली होती म्हणून येत होते. तुम्ही आज त्यांना जेवू घातलंत."

मी म्हणालो, पण तुमचे केस गेले असते.

"गेले असते," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी तांब्या भरला आणि झाकणावर ठेवला.

त्यानंतर श्राद्ध सप्तमीलाच होतं. कावळे येतात, शास्त्रीबुवा खूश असतात, आई म्हणते माझं लेकरू सुखात आहे. वर्गात मी कलकत्ता ते रंगून हे अंतर आता शिकवत नाही. नकाशावर ते दोन ठिपके आले की मी पुढच्या पाठाकडे जातो. सप्तमीच्या सकाळी वहिनी न्हाऊन, केस नीट विंचरून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहतात. सव्वादहा होतात, साडेदहा होतात. शेजारचा माग चालूच असतो. मग त्या पुढे येऊन तांब्या उचलतात, काठोकाठ भरलेला असतो, आणि तो पुन्हा रांजणात रिकामा करून झाकणावर पालथा घालतात. आई पाहते, पण आता ओरडत नाही.